दूरच्या स्वरांसाठी लाकडी चौकट

भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या शेजारी अहिवारा वसले आहे. रायपूर येथून जवळ. नागपूर मात्र पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटर. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीचा मराठी शब्द ५८५ किलोहर्ट्झवर इथे शोधायचा, तर साध्या ट्रान्झिस्टरला मदतीचा हात हवा. तो हात घरीच घडविता येतो.

साठ सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्यावी. तिच्यावर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे, थोडे अंतर राखून, दहा वेढे द्यावेत. चोवीस मीटर तार पुरते. तारेची दोन्ही टोके जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सरला जोडावीत. झाला अँटेना! रेडिओला तार जोडण्याचीही गरज नाही. चौकटीजवळ तो ठेवून कंडेन्सर हळूहळू फिरवावा. एका क्षणी खरखर मागे सरते आणि आवाज उमलतो.

चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचे केंद्र ठळक. चौकटीच्या काटकोनातले केंद्र मंद. म्हणूनच कड पूर्व-पश्चिम धरली की नागपूरला वाव मिळतो आणि किंचित फिरवून रायपूरचा जोर कमी करता येतो. सूर्यास्तानंतर तर आकाशच साथ देते. दिवसा लहरी शोषून घेणारा वातावरणाचा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून त्या परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येतात. एलईडी दिवे व चार्जर तेवढे बंद ठेवावेत. त्यांची खरखर दूरचा क्षीण आवाज गिळून टाकते.

हे कुतूहल जुने आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईहून प्रसारित झालेला संगीताचा कार्यक्रम गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी पुण्यात ऐकला होता. छत्तीसगडातील श्रोता संघही २० ऑगस्ट हा दिवस रेडिओ श्रोता दिन म्हणून आवर्जून साजरा करतात.

आज देशभर मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद होत आहेत. प्रक्षेपकच थांबला, तर कितीही कुशल हातांनी बांधलेली चौकट मुकीच राहणार. म्हणून जे ऐकू येते त्याची तारीख, वेळ आणि वारंवारता वहीत नोंदवावी व केंद्राला एक पत्र धाडावे. दूर कुणीतरी ऐकत आहे, हे बोलणाऱ्यालाही कळायला हवे. थोडी तार, थोडा धीर एवढ्याच भांडवलावर हा ठेवा जपता येतो.