उंदरांवरचा प्रयोग आणि शाळेतली जंताची गोळी

विहारात वंदना आटोपली की आयाबहिणी घडीभर बसतात. तिथे आम्हाला विचारले जाते, "जंताच्या गोळीने उंदरांचं लिव्हर, किडनी खराब झाली म्हणे. मग शाळेत पोरांना ती द्यायची की नाही?" प्रश्न रास्त आहे. लेकरांच्या पोटात काय जाते, हे विचारलेच पाहिजे.

उंदरांवर असे प्रयोग झाले, हे खरे. त्यात उंदरांचे गट पाडतात. एका गटाला औषध देत नाहीत. बाकीच्यांना कमी-जास्त मात्रेत, बहुतेक वेळा रोज आणि कित्येक दिवस देतात. मग रक्त तपासतात. आपल्या रिपोर्टवर 'एसजीपीटी' आणि 'क्रिएटिनिन' असते ना, तेच आकडे. पहिला लिव्हरचा, दुसरा किडनीचा. मात्रा मोठी आणि दिवस जास्त झाले की लिव्हरला इजा होऊ शकते.

शाळेत व अंगणवाडीत मिळणारी गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची असते. एका वेळी एकच देतात. ती आतड्यातच काम करते, रक्तात फार थोडी उतरते. जी उतरते ती लिव्हरमधून मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते, लघवीवाटे अगदी थोडी.

मेंदूत किंवा लिव्हरमध्ये जंतांच्या गाठी झाल्या तर हेच औषध दिवसातून दोनदा, कित्येक दिवस घ्यावे लागते. तेव्हा डॉक्टर दर दोन आठवड्यांनी लिव्हरची रक्ततपासणी करतात. एका गोळीला त्याची गरज नसते.

उलट गोळी टाळली तर काय होते? रत्नागिरीची ओली माती जंतांना मानवते. हुकवर्मची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. पोरगी फिकट पडते, दमते, अभ्यासात मागे राहते. म्हणूनच २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो.

एवढे लक्षात ठेवा :

• २ ते १९ वर्षांपर्यंत एक गोळी, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून. मोठ्यांनी चावून खावी.

• त्या दिवशी ताप किंवा आजार असेल, किंवा लिव्हरचा विकार असेल, तर आशाताईंना आधी सांगा.

• भूक लागत नाही म्हणून मेडिकलमधून आणून पुन्हा पुन्हा देऊ नका. उंदरांचा धडा इथेच लागू पडतो.

• गाभण उंदरांना हे औषध दिल्यावर पिल्लांत व्यंग आढळले. म्हणून गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ते घेऊ नये. पुढे डॉक्टर सांगतील तसे.

गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी झाली तर ती बहुधा लवकर थांबते. पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कमी झाली, तर गोळीला दोष देत घरी बसू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो लिव्हर आणि किडनी दोन्हींवर घाला घालतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणि बौद्धवाडीतल्या प्रत्येक पोराच्या पायात चप्पल, जेवणाआधी साबणाने धुतलेले हात आणि परसाकडे शौचालयातच, एवढे केले तर जंत पुन्हा होण्याची भीती पुष्कळ कमी होते.