नळीतला घास

गेल्या भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. ओवाळणी झाली, पाने मांडली गेली. पण बहीण काही पानावर बसेना. "दादा, तू सुरू कर. बाळाचे जेवण आटपून आलेच," म्हणत ती आत गेली. तिचे 'आलेच' किती लांबते हे ठाऊक असल्याने मीही मागोमाग गेलो.

भाचा चार वर्षांचा. त्याला नीट गिळता येत नाही; घास अन्नाची वाट सोडून श्वासाच्या वाटेने जातो. म्हणून डॉक्टरांनी पोटाला लहानसे छिद्र करून थेट जठरात नळी बसवली आहे. बहिणीने हात धुतले, बाळाला उशांना टेकवून बसवले, नळीवरची खूण जागेवर आहे ना ते पाहिले. आधी थोडे पाणी; मग दट्ट्या काढलेली सिरिंज उंच धरून डॉक्टरांनी सांगितलेले पातळ अन्न, अगदी सावकाश; शेवटी पुन्हा पाणी, नळी तुंबू नये म्हणून. त्यानंतरही अर्धा तास त्याला आडवे करायचे नाही. नळी चुकून निसटलीच, तर ते छिद्र काही तासांतच आवळू लागते. तेव्हा वाट न पाहता इस्पितळ गाठायचे.

"फार अवघड आहे गं हे," मी म्हणालो.

"अवघड एवढेच दादा, की माझ्याशिवाय कुणाला येत नाही."

गेल्या पावसाळ्यात तिला सडकून ताप आला होता. घर माणसांनी भरलेले. जो तो "काय लागेल ते सांग" म्हणे. पण नळीला हात लावायला कुणी धजेना. भिंतीला धरून उठून तिनेच बाळाला भरवले. त्या माणसांत मीही होतो.

अमेरिकेतील आयोवा राज्यात केटी बेकेट नावाची मुलगी १९७८ साली जन्मली. तान्हेपणीच मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी तिला यंत्र लागू लागले. सरकारी योजना इस्पितळाचा खर्च देई, घरी नेल्यास मात्र नाही. म्हणून जवळजवळ चार वर्षांची होईतो ती इस्पितळातच वाढली. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रीगन यांनी जाहीरपणे हा प्रश्न मांडला, नियम सैल झाला आणि डिसेंबरात केटी घरी आली. पुढे कॉलेजात शिकली, २०१२ पर्यंत जगली. यंत्रासकट मूल घरी वाढू शकते, हे तिने दाखवले. पण नियम बदलून भागत नाही. घरात हातही लागतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाळाला भरवले. वीस वर्षे फळ्यावर खडू चालवलेला हात सिरिंज धरताना थरथरत होता. बहीण शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात पानावर बसून वाफाळता आमटीभात जेवत होती. गरम जेवण किती दिवसांनी, ते मी विचारले नाही.

वाचकहो, आपल्या नात्यात असे एखादे घर असेल, तर यंदा फराळाचा डबा जरूर न्या. पण डबा ठेवून लगेच निघू नका. दोन दिवस राहा आणि त्या आईच्या हाताखाली हे काम शिकून घ्या.