तोडलेला ऊस आणि ताटकळलेला पेशंट



हंगाम आटोपल्यावर आम्ही चार दिवस भाईंदर पूर्वेला पुतण्याकडे मुक्कामाला होतो. मिठागरं पाहावीत, लोकलनं मुंबईत एक चक्कर मारावी, असा बेत होता. पण दुसऱ्याच दिवशी लहानग्या नातवाला ताप भरला आणि सूनबाईंबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो. कोणत्या ते सांगण्याचं कारण नाही. असे दवाखाने आपल्या तालुक्यालाही आहेत.

केनयार्डात उभं राहून गाड्यांच्या वेळा टिपायची आमची जुनी खोड. तिथंही टिपल्या. दहाला पोचलो. केसपेपर निघाला पावणेअकराला. रक्त घेतलं साडेअकराला, रिपोर्ट आला एकला, डॉक्टरांची गाठ पडली पावणेदोनला आणि औषध हाती पडलं सव्वादोनला. सव्वाचार तास झाले. यांत पोराला प्रत्यक्ष कुणाचा हात लागला तो जेमतेम वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ बाकावर.

खिडकीवरच्या मुलीला विचारलं, "बाई, सगळ्यांना दहालाच का बोलावता?"

"काका, डॉक्टर मोकळे बसायला नकोत ना!"

उत्तर ऐकलं आणि आम्हाला आपली गव्हाण आठवली.

हंगामात आपलंही हेच चालतं. गव्हाणीवर ऊस कमी पडला, 'नो केन' झालं, की गिरणी थांबते. बॉयलर तापलेला, वाफ फुकट, वाटेतला रस नासण्याची भीती, पुन्हा चालू करायला वेळ. म्हणून शेतकी खातं चार गाड्या जास्तच तोडायला लावतं. ही भीती खोटी नाही, आणि आम्ही खात्याला नावं ठेवत नाही. पण गिरणी मोकळी राहू नये म्हणून बाकी सगळ्यांना थांबवायचं, याची किंमत कोण भरतं, ते आपण कधी मांडलेलं नाही.

हिशेब साधा आहे. समजा, कारखाना दिवसाला २,५०० टन गाळतो, म्हणजे तासाला १०० टनांच्या जरा वर. यार्डात १,२५० टन ऊस उभा असेल, तर आत्ता आलेल्या गाडीचा नंबर बारा तासांनी. गिरणी कितीही झोकात चालली तरी त्या गाडीला बारा तास चुकत नाहीत. त्याआधी ऊस फडात किती वेळ पडला होता, ते निराळंच.

आता या बारा तासांत काय होतं? ऊस तोडला म्हणून लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालूच असतो, आणि बाहेरून काही मिळत नसल्यानं तो स्वतःचीच साखर खातो. अंगातलं पाणी उडून वजन घटतं. उसातल्याच एका विकरामुळं साखरेची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. जिभेला दोन्ही गोडच, पण त्यांचे दाणे पडत नाहीत. ते मळीबरोबर निघून जातात. शिवाय कोयत्यानं कापलेल्या तोंडातून जिवाणू आत शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यानं रस बुळबुळीत होतो, गाळणी आणि उकळणी रेंगाळते, दाणा वेडावाकडा पडतो. जळीत उसाला आणि फेब्रुवारीनंतरच्या उन्हाला हे सगळं फार लवकर होतं. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा असं साखरतज्ज्ञ सांगत आले आहेत, ते याचसाठी.

काट्यावर वजन कमी भरलं की सभासद काट्यावर संशय घेतो. काटा जरूर तपासावा, तो हक्कच आहे. पण ऊस किती तासांचा होता, हेही विचारावं. वजनातली घट त्या सभासदाच्या एकट्याच्या खिशातून जाते, आणि तोडणी टनावर असल्यानं टोळीच्याही. उताऱ्यातली घट मात्र सगळ्यांच्या दरातून जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन घालणाऱ्या सभासदाला एका दशांशाचे ३,४६० रुपये झाले. खताचा खर्च नाही, पाण्याची पाळी नाही; नुसत्या थांबण्याचे पैसे.

आणि टोळीचं काय? गाडी यार्डात अडकली की रिकामी गाडी फडावर परत येत नाही. मग कोयता बांधावर आणि माणसं पाचटावर बसून. गाडीवान, त्याची बाई आणि बैल यार्डातच रात्र काढतात. दवाखान्यातल्या बाकाची आम्हाला कीव आली, पण निदान वर पंखा होता.

जपानात टोयोटा कारखान्याच्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले, त्यांत 'थांबणं' हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि गरजेपेक्षा आधी माल तयार करून ठेवणं हा दुसरा. यार्डात उभा असलेला ऊस म्हणजे दोन्ही एकदम. पण जपानपर्यंत जायची गरज नाही.

भाईंदरहून लोकलनं चर्चगेटला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर डबेवाले डबे लावत होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची आपलीच माणसं. १८९० पासूनचा हा धंदा. २०२० च्या टाळेबंदीनं त्यांची संख्या फार घटली, पण रीत तीच आहे. त्यांच्यातही मुकादम असतो, आपल्या टोळीला असतो तसा. प्रत्येक डब्याच्या झाकणावर खूण: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. आम्हाला त्यात दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटल्या. एक म्हणजे, लोकल कुणासाठी थांबत नाही, त्यामुळं गाडीची वेळ धरून मागे मागे हिशेब केलेला असतो. घरातून डबा कधी निघायचा हे गाडी ठरवते. दुसरी म्हणजे, गटात एक-दोन माणसं जादा धरलेली असतात. कुणी आजारी पडला तर डबे ताटकळत नाहीत. त्यांनी जादा माणूस ठेवला, जादा डबे नव्हे.

डॉक्टर मोकळा न बसता पेशंटही ताटकळू नये, हेही जमतं. मदुराईला डॉ. जी. व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. तिथं शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्जनजवळ दोन टेबलं असतात. एकावरचा डोळा होईतो दुसऱ्यावरच्या पेशंटची तयारी झालेली असते. सर्जन नुसता वळतो. दाराबाहेर पन्नास जण नकोत, शेजारी एक तयार असला की झालं.

गव्हाणीलाही तेच हवं. दोन-तीन तास पुरेल इतका ऊस यार्डात, आणि बाकीचा अजून उभा, शेतात. उभ्या उसाइतकं चांगलं गोदाम दुसरं नाही. त्यासाठी स्लिप दिवसाची न देता तासांची द्यावी लागेल: अमुक गटाची गाडी सकाळी सहा ते नऊ, अमुक गटाची नऊ ते बारा. गिरणी अचानक बंद पडली तर फडावरची तोडणी तासाभरात थांबली पाहिजे. आता प्रत्येक मुकादमाकडे मोबाइल आहे, तेव्हा निरोप पोचला नाही ही सबब चालणार नाही. यार्डात आधी आलेली गाडी आधी गेली पाहिजे, मग ती कुणाचीही असो. औषधाच्या दुकानात जुना माल पुढे ठेवतात, तसंच हे.

थोडं सभासदांनीही ऐकावं. लवकर तोड मिळावी म्हणून फड पेटवला जातो, मुकादमाच्या हातावर पैसे ठेवले जातात, स्लिपच्या आदल्या दिवशीच कोयता लावला जातो. कधी टोळीच पेटवायला लावते आणि सभासद नाइलाजानं काडी ओढतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. त्याची तक्रार गटऑफिसात लेखी द्यावी. अशी एक गाडी पुढं घुसली की मागच्या दहा गाड्यांचा ऊस वाळतो. त्यांतली एखादी आपल्याच भावकीची असते.

एक गोष्ट मात्र आजच करता येईल. आपल्या ऊस-पावतीवर 'तोडणीची वेळ' असा रकाना छापलेला आहे. गेल्या हंगामातल्या पावत्यांचे गठ्ठे आम्ही चाळले, तेव्हा तो बहुतेक ठिकाणी कोरा दिसला. जिथं भरला होता, तिथं काट्यावर आल्यावर चिटबॉयनं अंदाजानं टाकलेली वेळ होती. ही वेळ फडातच, सभासदासमोर लिहावी आणि त्यावर सभासदाची सही असावी, अशी सूचना आम्ही शेतकी खात्याकडे दिली आहे. अग्निप्रदीपनाच्या आधी गटवार बैठका होतील, तेव्हा सभासदांनी हा विषय आठवणीनं काढावा.