खासबागेची माती अंदाजपत्रकात

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. या नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून खासबागेचं कुस्ती मैदान आहे, आणि त्या मैदानाचं व्यासपीठही आगीत गेलं. लगोलग सरकारने पुनर्बांधणीसाठी 20 कोटी रुपये जाहीर केले. तेव्हापासून या दोन वास्तूंविषयी काहीही बोलायचं म्हटलं की बोलणं या आकड्यापाशी येतं. 20 कोटींत छत कसलं बसणार, लाकूड कुठलं वापरणार, जुनं रूप कितपत राखणार? प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण खासबाग ज्या कामावर इतकी वर्षं जगली, ते काम या आकड्यात कुठे बसवलं आहे, हे कुणी विचारताना दिसत नाही. ते काम मातीचं आहे. शहराच्या मालकीच्या मैदानाची देखभाल म्हणजे त्याच्या बांधकामाची देखभाल, ही समजूत मोडल्याशिवाय खासबाग वाचणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैदान कुणासाठी बांधलं, इथून सुरुवात करू. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कोल्हापूर संस्थानाचे राजे शाहू महाराज विलायतेला गेले. त्याच प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी असं मैदान असावं हे त्यांच्या मनाने घेतलं. मागासवर्गीयांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूमही त्याच मुक्कामातला, 26 जुलै 1902 चा. एका गोष्टीतून दुसरी निघाली असं म्हणायला आधार नाही. तरीही त्या वर्षी हा राजा कशाचा विचार करत होता, ते दोन्हींतून कळतं. रोममध्ये प्रेक्षकाची जागा त्याच्या दर्जावरून ठरत असे. 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबागेत मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती चढत जाणारी बैठक आहे. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यालाही पट कुठल्या पायाला लागला ते दिसतं. तीनच वर्षांनी, 1915 साली, शेजारी पॅलेस थिएटर उभं राहिलं. आज त्यालाच केशवरावांचं नाव आहे. कुस्ती आणि संगीत नाटक यांना एकमेकांचा शेजार देणारा हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता असंच मी मानतो. केशवरावांनी याच मैदानात उघड्यावर नाटकाचा प्रयोग केल्याचं कोल्हापूर आजही अभिमानाने सांगतं. एकाच जागेचे अनेक उपयोग ही कल्पना अलीकडच्या क्रीडा संकुलांनी शोधून काढलेली नाही.

आता मातीकडे येऊ. हौद्यातली माती म्हणजे नुसती खड्ड्यात टाकलेली लाल माती नव्हे. ती आधी चाळतात. बारीकसा खडा राहिला तरी पाठ सोलून निघते. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं, आणि ते वस्तादाच्या हाताला ठाऊक असतं. पाणी शिंपडतात ते धूळ बसेल पण चिखल होणार नाही इतकंच. कुस्तीआधी फावड्याने माती खालवर करून भुसभुशीत केली की एक वास सुटतो, आंबूस ताकाचा, हळदीचा आणि त्यावर तरंगणाऱ्या कापराचा. गंगावेश असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, तालमीची ओळख आधी या वासाने होते. पुढे हलगी वाजते, जोड पुकारली जाते, पंच हात मिळवून देतात आणि सगळ्यांचे डोळे पैलवानांवर खिळतात. ज्याने पहाटे ती माती उकरली तो तोवर फावडं घेऊन कडेला गेलेला असतो. दोन कुस्त्यांच्या मध्ये तो पुन्हा आत उतरतो, पायाने दबलेली जागा मोकळी करतो, ओलावा हाताने पाहतो आणि बाहेर पडतो. या कामाचं शिक्षण देणारी शाळा नाही. माती वापराविना पडली तर दगडासारखी घट्ट होते, आणि ती पुन्हा कामाला लावायची तर मेहनत तर लागतेच, जाणकारही लागतो. 20 कोटींच्या चर्चेत मला दर वेळी या माणसाची आठवण होते, कारण छत एकदा बसवलं की काही वर्षं निश्चिंती असते, माती मात्र प्रत्येक फडाला नव्याने तयार करावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की माती हा गेलेला काळ आहे. ऑलिंपिक गादीवर होतं, गुण आणि मिनिटं मोजून होतं, मग पोरांना मातीत कशाला लोळवायचं? आक्षेप वजनदार आहे. मातीतला पैलवान गादीवर गेला की सुरुवातीला अडखळतो, कारण इथे चितपटीची वाट पाहायची सवय असते आणि तिथे पहिल्या मिनिटापासून गुण घ्यावे लागतात. पण महाराष्ट्रानेच यावर तोड काढली आहे. महाराष्ट्र केसरीसाठी माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते एकमेकांशी भिडून किताब ठरतो. म्हणजे माती अजून स्पर्धेत आहे. शिवाय पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जत्रांचे फड मातीतच भरतात आणि गरीब घरातल्या पोराच्या खुराकाला त्या इनामांचा हातभार लागतो. गादी आणून अंथरता येते. हौदा मात्र एकदा बुजवला की पुन्हा जिवंत करणं अवघड.

दुसरा आक्षेप महापालिकेच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. कुस्त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला उघड्या मैदानाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. उरलेल्या महिन्यांत जागा रिकामी ठेवायची, आणि रस्ते-गटारांना पैसा अपुरा असताना तिच्यावर खर्च करायचा, हे करदात्याला कसं पटवायचं? उत्तर शाहू महाराजांच्याच आराखड्यात आहे. व्यासपीठ आणि हौदा वेगवेगळे आहेत. व्यासपीठ पुन्हा उभं राहिलं की त्यावर नाटक, गाणं, शाहिरी, सभा होऊ द्या, त्यांचं भाडं घ्या. फक्त हौद्यावर मांडव नको, खुर्च्या नकोत, वाहनं तर नकोतच. अनेक उपयोगांना माझा विरोध नाही, उलट तेच मैदानाला बारा महिने जागं ठेवतील. विरोध आहे तो सगळे उपयोग सारखेच मानायला. ज्या उपयोगासाठी बैठक गोल केली, त्याला पहिला मान हवा.

करदात्यालाही हिशोब मिळाला पाहिजे. म्हणून महापालिकेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात खासबागेसाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि ती बांधकामाच्या नावाखाली दडलेली नसावी: मातीसाठी, ताक-तेल-हळदीसाठी, पावसाळ्यात हौदा झाकण्यासाठी, आणि तालमींशी बोलून नेमलेल्या मातीच्या जाणकारांच्या पगारासाठी. नाट्यगृह आणि मैदान एकाच आगीत सापडली, तेव्हा वीजजोडणीची तपासणी आणि अग्निशमनाची व्यवस्थाही दोन्हींची मिळून व्हावी. गावच्या कुस्तीसाठी येणाऱ्या छोट्या तालमीला व्यावसायिक जलशाइतकं भाडं लावू नये, आणि दोन्ही दर मैदानाच्या दारावर लिहिलेले असावेत. 20 कोटी एकदाच येतील. या तरतुदीची रक्कम त्यापुढे किरकोळ असेल, पण ती दर मार्चला मंजूर करून घ्यावी लागेल.