धुक्यातील घाट आणि थांबण्याचा अधिकार

पौष महिना लागला की निफाडच्या तापमानाचा आकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, गवतावरचे दव गोठून पांढरे दिसू लागते आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागांत शेकोट्या पेटवतात. नाशिक शहरात या थंडीचे कौतुक होते. परंतु त्याच पहाटे खरेदीसाठी मुंबईला, उगराणीसाठी मालेगावला किंवा लग्नासाठी पुण्याला निघालेल्या मोटारीत एक निराळीच भावना बसलेली असते. काचेपलीकडे रस्ता दिसेनासा होतो, गाडीतील गप्पा थांबतात, मागच्या आसनावरील आई पुटपुटत नवकार म्हणू लागते, आणि चालक मात्र ‘रोजचाच रस्ता आहे’ असे म्हणून वेग कायम ठेवतो.

नाशिककरांना हा अनुभव वर्षातून दोनदा येतो. पावसाळ्यात ढगच सह्याद्रीवर टेकतात. इगतपुरी ते कसारा हा घाट, ज्याला जुने लोक थळ घाट म्हणतात, दिवसाढवळ्याही पांढऱ्या पडद्याआड जातो. हिवाळ्यात धुके घाटापेक्षा सखल भागात अधिक दाटते. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतच्या ओलसर हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. गोदावरी, दारणा आणि कादवा यांच्या खोऱ्यांतील पाटपाण्याची शेते, नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आणि निफाड-सिन्नरकडील रस्ते या धुक्याला अनुकूल असतात. शंभर पावले स्वच्छ रस्ता आणि पुढच्याच वळणावर काही न दिसणे, हे त्याचे खरे फसवे रूप होय.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यामुळे मोटारींना कसाऱ्याचा घाट चढण्या-उतरण्याची गरज उरली नाही. ही सोय मोठीच आहे. तथापि चांदवडजवळचा राहूड घाट, सिन्नर-शिर्डी रस्ता, पिंपळगाव बसवंत आणि लासलगावकडे जाणारे बाजाररस्ते पूर्वीच्याच जागी आहेत. सर्वच प्रवास बोगद्यातून होत नाही.

धुक्यात माणसाला भीती वाटते. मग तो आपोआप वेग कमी करीत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. १९९८ मध्ये रॉबर्ट स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचे संपूर्ण दृश्य सारखेच फिकट केले असता लोकांना आपला वेग असतो त्याहून कमी वाटला आणि त्यांनी अधिक वेगाने गाडी हाकली. २०१२ मध्ये पाओलो प्रेत्तो आणि सहकाऱ्यांनी धुके प्रत्यक्षात असते तसे, म्हणजे जवळ विरळ व दूरवर दाट असे दाखविले. तेव्हा उलट परिणाम दिसला. लोकांना वेग अधिक वाटला आणि त्यांनी तो कमी केला. दोन्ही प्रयोगांतून निघणारा बोध व्यवहाराचा आहे. धुक्यात वेगाचा अंदाज परिस्थितीप्रमाणे बदलतो. मनाला काय वाटते यावर विसंबण्यापेक्षा वेगमापकाच्या काट्याकडे पाहावे.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला पुढील आकडे पुरेसे बोलके वाटतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचा अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर संपलेले असतात. ओल्या डांबरावर गाडी पूर्ण थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण अंतर ६० मीटर झाले. धुक्यात ४० मीटरच दिसत असेल, तर उभ्या ट्रकवर आदळणे हे नशिबावर नव्हे, वजाबाकीवर ठरते. हाच वेग ताशी ३० वर आणला तर एकूण अंतर २० ते २२ मीटरवर येते. पेढीवर तारण पाहिल्याशिवाय रक्कम दिली जात नाही. रस्त्यावर दिसणारे अंतर हेच वेगाचे तारण आहे.

बर्फाच्या देशांत हा हिशेब आणखी कठोर होतो. टोरांटो किंवा शिकागोस असलेली मुले-सुना डिसेंबरमध्ये दूरध्वनीवर ज्याची धास्ती सांगतात, तो रस्त्यावरचा पारदर्शक बर्फाचा पातळ थर डोळ्यांना ओल्या डांबरासारखाच दिसतो. त्यावर ताशी ६० च्या वेगाने केवळ ब्रेकचेच अंतर १४० मीटरच्या घरात जाऊ शकते. म्हणूनच तेथे भीतीवर सारे सोडून दिलेले नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर बंधनकारक आहेत. जर्मनीत धुक्यामुळे ५० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक वेग कायद्याने वर्ज्य आहे. भारतातही यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणली जाते. धाडसी आणि भित्रा या दोघांनाही एकच नियम लागू होतो, हा अशा व्यवस्थेचा लाभ.

आपल्याकडे नियमाची ही जागा बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाने भरली जाते, आणि नेमकी येथेच अडचण आहे. व्यापारी कुटुंबातील बहुतेक लांबचे प्रवास पगारी चालकाच्या हातून होतात. धुके दाटल्याचे सर्वांत आधी त्यालाच कळते. पण मस्जिद बंदरला दहाच्या आत पोचायचे आहे, मूळजी जेठा मार्केटमधील व्यापारी वाट पाहत आहे, हे त्याने निघतानाच ऐकलेले असते. ‘शेठ, थोडे थांबूया’ हे वाक्य त्याच्या ओठांवर येते आणि विरते. थांबलो तर आळशी ठरू, घाबरलो तर नोकरीस नालायक ठरू, असे त्याला वाटते. मागच्या आसनावरील स्त्रियांची भीतीही ‘तुम्हाला काय कळते गाडीतले’ या शब्दांनी बाजूला सारली जाते. अशा रीतीने गाडीतील चारही माणसे मनातून घाबरलेली असतात आणि गाडी मात्र निर्भयपणे धावत असते.

सायंकाळची घाईही लक्षात घेतली पाहिजे. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो. चौविहार पाळणाऱ्यांना त्यापूर्वी घर गाठून भोजन उरकायचे असते, आणि परतीच्या शेवटच्या तासात वेग वाढतो. सोबत डबा घेऊन दिवस असतानाच वाटेत जेवून घेतले, तर नियमही सांभाळला जातो आणि काट्यावरची घाईही टळते.

या रस्त्यावर गाडीतली माणसेच असतात असे नाही. चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वींचा पायी विहार सुरू होतो, आणि पहाटेची वेळ त्यास सोयीची असते. विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थाकडे किंवा चांदवडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने श्वेत वस्त्रांतील पावले चालत असतात. पांढऱ्या धुक्यात पांढरे वस्त्र चालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. विहारसेवा करणारे तरुण प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे घालून पुढे-मागे चालतात, ते स्तुत्यच आहे. परंतु ज्या समाजाने वाटेवरच्या मुंगीचाही विचार करायला शिकविले, त्या समाजातील गाड्यांनी तरी धुक्यात वेग आवरावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

उपाय खर्चाचे नाहीत. धुक्यात मोठा झोत लावू नये. थेंबांवरून प्रकाश परत येऊन समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचा झोत आणि असल्यास धुक्याचे दिवे लावावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले तर वळण्याचा इशारा मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर वातानुकूलन काचेकडे वळवावे. थांबायचे तर रस्त्याच्या कडेला नव्हे. पेट्रोल पंप, धाबा किंवा टोलनाक्याच्या आवारात, मुख्य मार्गापासून दूर थांबावे.

परंतु सर्वांत मोठा उपाय यंत्रात नाही. गाडी निघण्यापूर्वी घरच्या कर्त्या पुरुषाने चालकाला, गाडीतील इतरांच्या देखत, स्पष्ट सांगावे: ‘धुके दिसले तर न विचारता थांबायचे. उशीर झाला तर तो माझ्या खात्यावर.’ मुलगा स्वतः गाडी चालविणार असेल तर त्यालाही हेच सांगावे, आणि मुंबईतील व्यापाऱ्याला आदल्या दिवशीच ‘दहा नव्हे, बाराला येतो’ असे कळवावे. दोन तासांचा उशीर कोणत्याही पेढीला भरून काढता येतो. चालकाला थांबण्याचा अधिकार देण्यास पैसा लागत नाही. केवळ भीती बोलून दाखविण्याची लाज सोडावी लागते.