सलाईनच्या बाटलीत असते तरी काय?

मे महिना लागला की सोलापूरचे ऊन जीव नकोसा करते. पत्र्याच्या घरात दिवसभर विड्या वळणारी आई, यंत्रमागावर उभा असलेला बाप, कुणाला चक्कर, कुणाला जुलाब. मग वस्तीत एकच सल्ला ऐकू येतो, ‘‘एक सलाईन चढवून घ्या, अंगात ताकद येईल.’’ उसनेपासने करून बाटली लावली जाते. आपल्या घरातली जी मुलगी नर्सिंग शिकते आहे, तिने या बाटलीची गोष्ट आधी स्वतः समजून घ्यावी आणि मग आईबापांना सांगावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

नॉर्मल सलाईन म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी. एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. साधे पाणी शिरेत सोडले तर रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून हे प्रमाण. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारी ताकद शंभर कॅलरीच्या आतबाहेर. घरच्या एका ज्वारीच्या भाकरीचीही तिला सर येत नाही! शिवाय ही साखर शरीरात वापरली गेली की मागे उरते ते नुसते पाणी, आणि ते सगळ्या पेशींत पसरते. म्हणून जुलाबाने खचलेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला केवळ डेक्स्ट्रोज लावून भागत नाही. तिथे आर.एल. किंवा नॉर्मल सलाईन लागते. आर.एल.मध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते; त्याची घडण रक्तातील क्षारांच्या बरीच जवळची.

हा उपचार जन्मला तो पटकीच्या साथीत. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी मरणाच्या दारातील रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि काही जण उठून बसले. आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरच्या यात्रेबरोबर ब्रिटिश काळात हीच पटकी गावोगाव जात असे. पण पुढची गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातलगच होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आता थेंबांचे गणित. मुली इथेच घाबरतात, आणि परीक्षेत हमखास हेच विचारतात. नेहमीच्या सेटला बहुधा २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तरी पाकिटावरचा आकडा वाचावा, कारण काही सेट १५ थेंबांचे असतात. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. आठ तासांची मिनिटे ४८०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे २१ थेंब. लहान मुलांच्या मायक्रो सेटला ६० थेंबांचा एक मिलिलिटर. त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर, तितकेच मिनिटाला थेंब. हातात सेकंदकाट्याचे घड्याळ हवेच.

गणित बरोबर आले म्हणून काम संपत नाही. बाटली उजेडात धरून पाहावी. गढूळ असेल, मुदत संपली असेल तर बाजूला ठेवावी. सेटमधली हवा काढावी. सुईच्या जागी सूज किंवा आग आहे का, हे पुन्हा पुन्हा बघावे. म्हातारे माणूस, हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण यांना पाणी जास्त गेले तर ते फुप्फुसात भरते. धाप लागली की थेंब थांबवावेत, डोके उंच करावे आणि डॉक्टरांना हाक मारावी. पोटॅशियमचे इंजेक्शन तर थेट शिरेत कधीच ढकलू नये. हृदय जागच्या जागी बंद पडते.

विनयपिटकात एका भिक्खूची कथा आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत: औषध तयार करता यावे, रुग्णाला काय सोसते ते कळावे, लोभ नसावा, मलमूत्र-ओकारीची किळस नसावी, धीराचे चार शब्द बोलता यावेत. वॉर्डात पहिल्या दिवशी ज्या मुलीला घाण वासाने मळमळले, तिने ही कथा जरूर वाचावी.

आणि घरच्यांसाठी. जुलाब सुरू होताच ओ.आर.एस.चे पाकीट आणावे. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नये. मात्र डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पेंगू लागले, किंवा पोटात काहीच टिकेना, तर घरात वेळ न घालवता सिव्हिल गाठावे. तेव्हा सलाईन खरोखरच लागते.