दोन विद्यार्थी मिळून एक? : निधीवाटपाच्या सूत्राची गोष्ट

कुठलाही डेटा हातात आला की आधी एक प्रश्न विचारा: यात मोजलंय काय, आणि कसं? हा प्रश्न का महत्त्वाचा, ते एका उदाहरणातून बघू.

अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं म्हणजे कमी फीमध्ये दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्था. तिथले बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. मार्च २०२० मध्ये 'केअर्स' कायद्याने उच्च शिक्षणाला सुमारे १४ अब्ज डॉलर दिले. त्यातल्या मुख्य निधीची वाटणी झाली 'पूर्णवेळ-समतुल्य' संख्येवर. म्हणजे निम्मा अभ्यासक्रम घेणारे दोघं मिळून एक विद्यार्थी! पण लॅपटॉप दोघांनाही लागतो आणि लॉकडाऊनमध्ये रोजगार दोघांचाही जातो. साहजिकच कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला कमी पैसे आले.

डिसेंबर २०२० च्या कायद्यात सूत्र बदललं. निम्मा भार समतुल्य संख्येला, निम्मा प्रत्यक्ष डोकी मोजून. विद्यार्थी तेच, फक्त मोजणी बदलली.

आता कारभाराची बाजू बघा. अनेक ठिकाणी कॉलेजचं बजेट स्थानिक मतदारांनी निवडलेलं विश्वस्त मंडळ मंजूर करतं. हे सूत्र मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरलं. त्यात २०२० च्या शरद ऋतूतल्या सत्रात कम्युनिटी कॉलेजांचे प्रवेश सुमारे १० टक्क्यांनी घटले. मग मंडळापुढे पेच: एकदाच मिळणाऱ्या मदतीवर दरमहाचे पगार किती दिवस चालवायचे?

म्हणून तुमच्या तक्त्यात 'विद्यार्थी' असा रकाना दिसला, की सरासरी काढण्याआधी त्याची व्याख्या शोधा. कोण अर्धा मोजला गेलाय, ते तिथेच कळेल.